तिसऱ्या पाळीचं झाड

विठ्ठला, हात धुऊन आलोय. एकदा कारखान्यात साबणानं, एकदा घरी बेसन चोळून. तरी पेरांच्या रेघांत तेल राहतंच. तीस वर्षं पत्र्याला आणि डायला लागलेले हात आहेत, तुला ते चालवून घ्यावे लागतील. प्राजक्ताला मात्र चालत नाहीत. पाकळीला बोट लागलं की थोड्या वेळात तिथं तपकिरी डाग उमटतो. म्हणून आईनं शिकवलं तसं देठालाच धरतो. अंगठा आणि तर्जनी, बस्स, तिसरं बोट लागत नाही. केशरी देठ चिमटीत आला की फूल आपोआप उचललं जातं, ओल्या फरशीला चिकटलेली पाकळीही फाटत नाही.

आठ वाजून गेलेत. चाकणहून बस उशिरा सुटली आणि इंद्रायणीच्या पुलाआधी कंटेनरच्या रांगेत अडकली. उभ्या बसमधूनच देहूच्या दिशेला हात जोडले. घरी पोचलो तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. हिनं सहालाच झाडाखाली आईचं जुनं पातळ अंथरलं होतं, त्यावरची फुलं परातीत ओतून परात सावलीला सरकवून ठेवली होती. ती आता मोजायला घेतलीत. मोजता मोजता तुझ्याशी बोलतो. देवघरासमोर नुसता हात जोडून बसलो की मला शब्द सुचत नाहीत, रात्रभराच्या जागरणानं डोळे मिटायला लागतात. हात कामात असले की बोलणं होतं.

हे झाड तुझ्याच वाटेवरून आमच्याकडे आलं, हे तू विसरला नसशील. १९९१ सालची वारी. तुकोबांची पालखी देहू सोडते आणि आकुर्डीच्या तुझ्या देवळात मुक्कामाला येते. त्या रात्री कारखान्यांच्या भिंतींना टेकून, शाळांच्या व्हरांड्यांत, दुकानांच्या फळ्यांवर, जागा मिळेल तिथं माणसं झोपतात आणि भोंग्यांच्या गावात टाळ ऐकू येतात. आमच्या ओट्यावर सात-आठ बाया होत्या, परभणीकडच्या. आईनं पिठलं-भाकरी केली. पहाटे निघताना त्यातल्या एका म्हातारीनं पदराची गाठ सोडली आणि आईच्या तळव्यावर पाच-सहा वाळक्या चपट्या ठेवल्या, नाण्याएवढ्या, तपकिरी, मधोमध शिवण असलेल्या. म्हणाली, लेकी, तुझ्या दाराशी माती उघडी पडलीय, एवढं पेर. आईनं एक चपटी नखानं उघडली. दोन खण, दोन्ही खणांत एकेक बी. म्हातारीचं नाव कुणी विचारलं नाही. वारीत सगळ्यांना माउलीच म्हणतात.

त्या मातीबद्दल तुला एक सांगायचं राहून गेलंय. आमचा प्लॉट प्राधिकरणाचा. नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली झालं, आसपासच्या गावांची शेतं गेली, सेक्टर पडले, कामगारांना सोडतीत प्लॉट मिळाले. माणदेशातून पोटासाठी आलेल्या माझ्या वडिलांच्या नशिबात त्यातला एक होता. वडील ती चिठ्ठी लागलेला दिवस सणासारखा सांगायचे. पण ज्यांची बाजरी इथं उभी असायची, त्यांच्या घरातली माणसं साडेबारा टक्के जमिनीच्या परताव्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालत राहिली. आमच्या अंगणातली सहा फूट रुंदीची पट्टीसुद्धा त्यातलीच. झाडाला पाणी घालताना आई दर खेपेला पहिला तांब्या बाजूला ओतायची. कुणाच्या नावानं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आता मीही ओततो. देवा, ज्यांची ती माती, त्यांच्या घरी सुख असू दे.

बी पेरलं आषाढात. महिनाभर काहीच वर आलं नाही. वडील म्हणत होते, तिथं पाण्याची टाकी बसवू. आईनं खड्डा उकरताना खाली मुरूम लागला म्हणून ती हिरमुसली होती, पण मुरूमच कामाला आला. प्राजक्ताला पाणी आवडतं, साचलेलं पाणी आवडत नाही. मूळ कुजतं. वर शेणखत आणि पोयटा, खाली मुरूम, पाऊस पडला की पाणी वाहून जायचं. श्रावणाच्या सुरुवातीला दोन रोपं दिसली. एक गोगलगायीनं खाल्लं. एक राहिलं.

ते गुडघ्याएवढं झालं तेव्हा वडिलांचं मन फिरलं, आणि तेही एका पानामुळं. वडील फिटर. संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी सहज एक पान चुरगाळायला घेतलं आणि थांबले. पान खरखरीत होतं. आत जाऊन पितळेचा काळवंडलेला नट आणला, पानानं घासला. नट चमकायला लागला. म्हणाले, अगं, हा तर शून्य नंबरचा पॉलिश पेपर! मग फांदी बघितली. कोवळी फांदी गोल नसते, चौकोनी असते. स्क्वेअर बार, म्हणाले. त्या दिवसापासून टाकीचा विषय निघाला नाही. माणसाला ज्या भाषेत कळतं त्या भाषेत तू बोलतोस. वडिलांशी तू फिटरच्या भाषेत बोललास.

तिसऱ्या वर्षी, भाद्रपदात, पहिली फुलं आली. मोजून अकरा. झाडाला नाव वडिलांनीच दिलं. त्यांची तेव्हा तिसरी पाळी होती. संध्याकाळी डबा घेऊन निघताना झाडावर कळ्या मिटलेल्या, दिवेलागणीला उमलायला लागलेल्या. पहाटे परतले तर फुलं खाली. जोत्यावर बसून बूट काढता काढता म्हणाले, हे आपल्यासारखंच आहे, तिसऱ्या पाळीचं झाड. दिवस बुडाल्यावर कामाला लागतं, रात्रभर राबतं, उजाडायला घरी.

पुढं मुलीच्या पुस्तकात त्याचं शास्त्रीय नाव वाचलं, निक्टँथिस आर्बोर-ट्रिस्टिस. तिनं अर्थ सांगितला, रात्री फुलणारं, आणि दुःखी झाड. मोगरा, जाई, जुई यांच्याच कुळातलं, पण ठेवलेलं नाव असं. दिवसा त्याच्याकडे बघणाऱ्याला ते दुःखी दिसत असेल, नाही म्हणत नाही. पानं मरगळलेली, फांद्या खाली वाकलेल्या, फूल एकही नाही. रात्रपाळी करून दुपारी झोपलेला माणूससुद्धा दिवसा बघणाऱ्याला आळशीच वाटतो. ज्यानं रात्री दोनला आमच्या अंगणात उभं राहून श्वास घेतलाय, त्याला विचारा. तेव्हा गल्लीतले दिवे पिवळे पडलेले असतात, लांब हायवेवर ट्रक घरघरत असतात, आणि या झाडाभोवती पांढरे पतंग फिरत असतात. अंधारात त्यांना वाट दिसावी म्हणून तू फूल पांढरं केलंस आणि वास एवढा दिलास. पतंगांसाठी केलेली सोय आम्हालाही मिळाली.

फाल्गुनात मात्र ते खरंच उघडं पडतं. पानं पिवळी होतात, गळतात, चैत्रात नुसत्या काटक्या. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं गेलं. आई म्हणाली, उपास धरलाय त्यानं, सोडेल. तेव्हाच ती कोयता घेऊन वाळक्या, आडव्या गेलेल्या फांद्या छाटायची, कारण फूल नव्या फांदीच्या टोकाला येतं. छाटलं नाही तर झाड नुसतं उंच जातं आणि फुलं शेजाऱ्याच्या गच्चीवर. पहिला वळीव पडला की आठवड्यात पालवी. २०१९ च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, तेव्हापासून झाडाला डाळ-तांदळाचं धुवण आणि भाज्यांचं पाणी. त्यानं कधी कुरकुर केली नाही. उलट, मला वाटतं, आणखी घट्ट झालं.

शेजाऱ्यांचं सांगतो. तुझ्याच घरातली गोष्ट आहे, त्यामुळं तुझ्यापासून लपवण्यासारखं नाही. इंद्राशी भांडून तू पारिजात आणलास, लावलास सत्यभामेच्या दारी, आणि फुलं पडायची रुक्मिणीच्या अंगणात. लहानपणी मला ही गोष्ट गमतीची वाटायची. झाड भिंतीच्या वर गेल्यावर कळली. आमची निम्मी फुलं पलीकडे पडायला लागली, गाडीच्या काचेवर. त्यांची गाडी नवी होती. फुलं वायपरमध्ये अडकून कुजायची, डाग पडायचे. वाद झाला. त्यांनी फांदी तोडली, मी आठ महिने त्यांच्याशी बोललो नाही. आई बोलत होती. एका पहाटे बघितलं तर शेजारच्या काकू भिंतीपलीकडे वाकून फुलं वेचत होत्या आणि आई अलीकडे, आणि दोघी भिंतीवरून एकमेकींना आकडे सांगत होत्या. काकूंच्या वाटणीची फुलंही आईच्या लाखात जात होती. माझा आठ महिन्यांचा राग तिथंच ओशाळला. आज तो माफ कर, तेव्हा माफी मागायची राहिली.

आता त्या लाखाचं.

आईनं चातुर्मासात तुला प्राजक्ताचा लाख वाहायचा नेम धरला, तो गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या वर्षी. खाली पडलेलं फूल देवाला वाहत नाहीत, पण प्राजक्ताला ती सूट आहे. तोडायचं नाहीच, पडलेलंच घ्यायचं. कामगाराच्या घरातल्या बाईला हा नेम परवडणारा होता, फक्त पहाट द्यावी लागत होती. ती चारला उठायची. पातळ अंथरायची. पहिल्या दिवशी तिनं शंभर फुलं एकेक मोजून आमटीच्या वाटीत भरली, वाटी काठोकाठ झाली. मग ती वाटी माप. तरी रोजची पहिली वाटी ती पुन्हा मोजायचीच, कारण पावसात फूल जड होतं, दबतं, वाटीत जास्त मावतं. देवाचं माप कमी पडायला नको आणि जास्त झालं तरी हिशेब चुकायला नको, म्हणायची. आकडा कॅलेंडरच्या पानामागं पेन्सिलीनं. श्रावणात रोजची थोडी, भाद्रपदात त्याच्या कितीतरी पट. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेवटचा आकडा आहे, त्रेसष्ट हजार चारशे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही.

गेल्या वर्षी मी कॅलेंडर हातात घेतलं नाही. फुलं पडत होती, हिनं वेचून देवघरात ठेवली, मोजली नाहीत. या वर्षी आषाढी एकादशीला मी ठरवलं. आईच्या पुढं सुरुवात केली, त्रेसष्ट हजार चारशे एकपासून. कळ्या धरेपर्यंत आषाढ गेला, खरी मोजणी श्रावणातच. जाणत्यांनी सांगितलं, नेम असा पुढं चालवता येत नाही, एका माणसाचा एका चातुर्मासाचा असतो, तुला करायचा तर एकपासून कर. त्यांचं शास्त्र बरोबर असेल. पण पांडुरंगा, एक पाळी संपते तिथं दुसरी सुरू होते, मधे मशीन थांबत नाही. आधीच्या पाळीनं केलेला माल पुढच्या पाळीच्या हिशेबात पुढं जातो. मला एवढीच रीत माहीत आहे. त्या रीतीनं करतोय. चुकत असेल तर माझी मोजणी टाक, तिची टाकू नकोस.

या मोजणीबद्दल अजून एक सांगायचं आहे. ते सांगायलाच आज बसलोय, इतका वेळ झाडाचं बोललो.

आमचा कारखाना चाकणला. मोठ्या कंपनीला गाडीचे सुटे भाग देतो. मी प्रेस शॉपला लाइन लीडर. जिथं एके काळी कांदा-बटाट्याची शेतं होती तिथं आता रात्रभर स्ट्रोक पडत असतात, जमीन हादरते. श्रावणातली तिसरी पाळी होती. एका प्रेसवर नवा मुलगा होता, ओडिशाकडचा, एकवीस वर्षांचा, कंत्राटी. त्या प्रेसचा सेन्सर बायपास करून ठेवलेला होता. हात आत असला तर मशीन थांबवणारा तो सेन्सर. तो चालू असला की मशीन सारखं अडतं, नग कमी निघतात, म्हणून बंद. मला माहीत होतं. मी तोंडी सांगितलं होतं, वहीत लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मशीन बंद ठेवावं लागलं असतं. पहाटे चारला गेटवर गाडी उभी, चारशे नग राहिलेले. मी त्याच्या मागं उभा राहून म्हणालो, हात उचल.

त्यानं उचलला.

तर्जनी आणि मधलं बोट. उजव्या हाताची.

मी ऐकलेला आवाज तुला सांगत नाही, तू तिथं होतास. रुमालात त्याचा हात गुंडाळून मीच गाडीत बसलो. त्याच्या विम्याचं कार्ड तोवर झालेलं नव्हतं, ते नंतर झालं. सकाळी घरी आलो तेव्हा फुलं पडलेली होती. सवयीनं खाली बसलो आणि पहिलं फूल चिमटीत धरलं. अंगठा आणि तर्जनी. तेव्हा मला कळलं मी त्याच्याकडून काय घेतलंय. त्या दिवशीचा आकडा कॅलेंडरवर नाही. त्या दिवशी मी एकही फूल मोजू शकलो नाही.

हे पाप कुणाचं, याची वाटणी कारखान्यात अजून चाललीय. कागदावर चूक त्याची आहे, हात आत घातला म्हणून. मी तुझ्यापुढं कागद आणलेला नाही. हात उचल म्हणणारा मी होतो. मला त्याची माफी हवी आहे आणि तुझी हवी आहे, आणि आधी त्याची.

तो मुलगा मला झाडामुळं ओळखीचा. त्याआधी दोन वर्षं मी आमच्या झाडाखाली उगवलेली दोन रोपं कारखान्याच्या गेटजवळ लावली होती. सिमेंटच्या कडेला, कडक भरावात, पहारीनं खड्डा करून. चाकणच्या वसाहतीत झाड लावायला जागा असते, पण ती नेहमी पुढच्या शेडची असते. एक रोप शेड वाढवताना मलब्याखाली गेलं. मला वाईट वाटलं, पण भांडायचं बळ नव्हतं. पिंपरीत टेल्कोच्या आवारात तिथले प्रमुख सुमंत मुळगावकरांनी झाडं लावून घेतली, तळं करवलं, पक्षी आले, हे वडील मोठ्या कौतुकानं सांगायचे. कारखाना आणि झाड एकत्र नांदतं, हे ज्यांना कळतं अशा माणसांना तू मोठ्या खुर्च्यांवर बसव, एवढी एक मागणी यात आहे.

दुसरं रोप वॉचमनच्या केबिनपाशी वाचलं. वॉचमन बाराबंकीचा. त्याला मी म्हणालो, हा पारिजातक. तो म्हणाला, ये तो हरसिंगार है साहब, पारिजात हमारे किंतूर में है, दस आदमी हाथ पकड़ें तब घेरा होता है. मुलीनं शोधून सांगितलं की किंतूरचं ते झाड म्हणजे गोरखचिंच आहे. मी त्याला ते सांगायला गेलो नाही. त्याच्या गावात तू ते झाड स्वर्गातून आणलंस, आमच्या अंगणात हे आणलंस. तो मात्र रोज बाटलीनं त्या रोपाला पाणी घालतो, नावावरून वाद असताना.

ओडिशाचा तो मुलगा कामावर लागला त्याच आठवड्यात या रोपाला पहिलं फूल आलं होतं. पाळी सुटताना तो झाडापाशी थबकला, वाकला आणि म्हणाला, गंगाशिउळी. मला समजेना. मग मोडक्या हिंदीत त्यानं सांगितलं, घरी अंगणात आहे, आई पूजेला वेचते. एवढ्या मोठ्या वसाहतीत, एवढ्या पत्र्यांमध्ये, त्याला आईचं अंगण तिथं सापडलं. ते फूल त्यानं शर्टाच्या खिशात ठेवलं. त्यानंतर महिन्याभरानं मी त्याला म्हणालो, हात उचल.

विठ्ठला, तू कटीवर हात ठेवून उभा आहेस. आमच्या वसाहतीत हातावर पोट असलेली लाखभर माणसं असतील, आणि तू हात उचलत नाहीस म्हणून लहानपणी मी रुसायचो. आता वाटतं, तू उभा राहून बघत असतोस, कुणाला घाई करत नाहीस. मला ते शिकव. गेटवर गाडी उभी असताना, वरून फोन येत असताना, मशीन बंद, असं मोठ्यानं म्हणायचं बळ दे. श्रावणानंतर मी दोनदा म्हणालोय. दोन्ही वेळा माझे पाय थरथरत होते. एकदा शिव्या खाल्ल्या. सेन्सर चालू झाला. तिसऱ्या वेळीही पाय थरथरतील, तेव्हा माझ्या पाठीशी उभा राहा. आता वहीत मी लिहितो. तारीख, वेळ, मशीनचा नंबर, आणि खाली सही.

प्रेसवर, फर्नेसवर, गोदामात, या वेळी ज्यांची पाळी चालू आहे त्या सगळ्यांना दहा बोटांनिशी घरी पाठव. ज्या बायका चारला उठून डबे करतात त्यांना थोडी झोप दे. ज्यांची गावं लांब आहेत आणि जे एका खोलीत पाच-पाच जण पाळीपाळीनं एकच गादी वापरतात, त्यांच्या खिडकीबाहेर एखादं झाड असू दे. प्राजक्तच पाहिजे असं नाही. आमच्या झाडाखाली यंदा पुष्कळ रोपं उगवलीत, ज्यानं मागितलं त्याला देतो, मुळाशी माती बांधून, प्लास्टिकच्या पिशवीत. गेल्या आठवड्यापर्यंत आठ गेली होती. एक मोशीला, एक म्हाळुंग्याला एका चाळीच्या नळापाशी, बाकीची कुठं गेली ठाऊक नाही. तू बघ त्यांच्याकडे.

गेल्या रविवारी तो आला होता.

पत्ता कुणाकडून तरी घेतला असेल. दारात उभा राहिला, हात खिशात. मी काय बोलावं ते मला सुचेना. ही आतून चहा घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं झाडाकडे बघत उभे होतो. पातळावर फुलं होती, सकाळची आठची वेळ, अजून मोजलेली नव्हती. मी खाली बसलो. तोही बसला. मग त्यानं हात खिशातून काढला. जखम भरलीय, कातडी गुलाबी आणि ताणलेली आहे. त्यानं अंगठा आणि अनामिकेनं एक देठ धरायचा प्रयत्न केला. फूल निसटलं. पुन्हा धरलं, पाकळी दुमडली, डाग पडला. तिसऱ्यांदा देठ बरोबर चिमटीत आला. वाटीत ठेवलं. मग दुसरं. मी माझी फुलं वेचायची थांबवली आणि त्याच्या हाताकडे बघत राहिलो. त्याला घाई नव्हती. मी घाई केली नाही. तासाभरात त्यानं चाळीस फुलं वेचली. आई गेल्यापासून मी इतका वेळ कुणाशेजारी गप्प बसलो नव्हतो.

जाताना मी त्याला म्हणालो, माझ्यामुळं झालं. हिंदीत म्हणालो, नीट जमलं नाही. तो काही म्हणाला नाही. रोप नेऊ का, एवढंच विचारलं. तो आता दुसरीकडे लागलाय, स्टोअरला, मालाची नोंद ठेवायला, डाव्या हातानं लिहायला शिकतोय. रोप नेलं त्यानं. नवव्या पिशवीत.

परात संपत आली देवा. आजची सहाशे दहा. आईची त्रेसष्ट हजार चारशे आणि माझी आजवरची चोवीस हजार आठशे, मिळून अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे. कार्तिकी एकादशीपर्यंत लाख होईल की नाही, झाडावर आहे. कळ्या अजून आहेत, पण रात्री गार व्हायला लागल्या.

त्याची चाळीस मी या आकड्यात धरलेली नाहीत. कॅलेंडरच्या मागं ती वेगळी लिहिलीत, त्याच्या नावासमोर. ती तू आधी घे. आईची आणि माझी मागाहून घेतलीस तरी चालतील.